बाईंच्या पेटीचे दिवे

मुलांनो, डोळे मिटा बघू. अगदी घट्ट नको, थोडी फट राहू द्या, नाहीतर झोपाल!

आता अशी कल्पना करा, की तुमच्या वर्गात बाई आहेत, पण खुर्चीवर नाहीत. त्या भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर आहेत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात खडू, आणि त्या गोष्ट सांगताहेत. तुम्हाला त्यांना काही विचारता येत नाही. पण गंमत बघा, त्यांना मात्र तुम्हाला विचारता येतं! "कळलं का रे?" असं त्या विचारतात आणि उत्तरासाठी थांबतातसुद्धा. तुम्ही "हो बाई" म्हणालात की त्या पुढं सरकतात. "नाही बाई" म्हणालात तरी पुढं सरकतात!

बसवकल्याणहून उमरग्याकडं जाताना एक गाव लागतं. तिथल्या मराठी शाळेत असा वर्ग खरोखरच भरायचा. त्या पडद्यावरच्या बाई म्हणजे शारदाबाई. त्या वारल्या, आणि त्यांच्या जागी मराठी शिकवायला कुणी येईचना. कन्नडचे मास्तर आले, इंग्रजीच्या मॅडम आल्या, खेळाचे सरसुद्धा शिट्टी वाजवत आले. मराठीची खुर्ची मात्र रिकामी ती रिकामीच.

पण शारदाबाई हुशार! आपलं दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर त्यांनी घरातल्या भिंतीला फळा टांगला आणि सगळे धडे कॅमेऱ्यासमोर शिकवून ठेवले. कॅमेरा कुणी धरला? त्यांच्या यजमानांनी, मुकुंदरावांनी. मुकुंदराव ह्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. माणूस विद्वान, पण हात असा थरथरायचा, की पडद्यावर बाई बोटीत उभ्या राहून शिकवताहेत असं वाटे! म्हणून प्रत्येक धड्यात एकदा तरी बाई थांबायच्या, खडू रोखायच्या आणि म्हणायच्या, "अहो, कॅमेरा हलवू नका!"

आणि कॅमेऱ्यामागून मुकुंदरावांचा बारीक आवाज यायचा, "नाही हलवत."

हे वाक्य आलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "नाही हलवत!" अन् शेवटच्या बाकावर बसलेले मुकुंदराव छताकडं बघत राहायचे. ते रोज यायचे. बायको रोज तेच रागावते आणि तेच ऐकायला नवरा रोज पाऊण मैल चालत येतो, असा नवरा गावानं पहिल्यांदाच पाहिला होता!

हे सगळे धडे राहायचे कुठं? तर वर्गाला लागून असलेल्या लहान खोलीत, एका सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे एक मोठा, दणकट कॉम्प्युटर, पण त्याला पडदा नाही आणि टाइप करायला बटणंही नाहीत. नुसती लोखंडी पेटी. बाईंचा जुना विद्यार्थी नीलेश बीदरजवळ कोळारच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. कारखान्यानं ही पेटी जुनी झाली म्हणून काढली. नीलेशनं साहेबांच्या मागं लागून ती शाळेला आणली, कॅमेरा रिकामा करून सगळे धडे तिच्यात भरले, आणि गाव तिला "बाईंची पेटी" म्हणायला लागलं.

ही पेटी बोलायची ती फक्त दिव्यांनी. आणि इथंच मुकुंदरावांची छाती फुगायची!

"आपल्या गावात कुणाला मराठी येतं, कुणाला कन्नड, कुणाला दखनी," ते शाळेच्या स्वयंपाकघराशी उभं राहून सांगायचे. "मला दिव्यांची भाषा येते!"

"मग तुमच्या दिव्यांना विचारा," चन्नव्वा भाताच्या पातेल्यात उलथनं घालत म्हणायची. "आज गॅस कामून संपला?" चन्नव्वा शाळेचं जेवण रांधायची, आणि विद्वान माणसाची तिला बिलकुल भीती वाटायची नाही.

मग मुकुंदरावांचं मनापासून ऐकणारं कोण? तर सहावीतली पिंकी. धनराज पाटलाची ही पोरगी म्हणजे प्रश्नांचं पोतं. मधल्या सुट्टीत ती पेटीसमोर मांडी घालून बसायची आणि मुकुंदराव तिची परीक्षा घ्यायचे.

"हे बटण कशाचं?"

"चालू-बंदचं. दिवा हिरवा म्हंजे पेटी जागी हाय. त्याला बोट लावायचं न्हाई. लावलं तर तुम्ही कान धरणार."

"शाब्बास! आणि हे निळं?"

"हे 'मी हितं हाय' बटण!"

हे निळं बटण मुकुंदरावांचं फार लाडकं. मोठ्या कंपन्यांत अशा पेट्या शेकड्यानं रचलेल्या असतात, सगळ्या एकसारख्या. मग हवी ती पेटी सापडणार कशी? तर पुढून हे निळं बटण दाबायचं. पेटीच्या पुढचा आणि पाठीमागचा असे दोन्ही निळे दिवे लुकलुकू लागतात, म्हणजे मागं उभ्या असलेल्या माणसाला कळतं, की हीच ती. शाळेत पेटी एकच! ती हरवणार कुठं? तरी मुकुंदराव रोज सकाळी आल्या आल्या ते बटण दाबायचे. दिवा लुकलुकला की हळूच म्हणायचे, "हजर." मग वर्गात जायचे.

"आता हे दोन खण," ते पिंकीला विचारायचे.

पेटीच्या तोंडाला एकावर एक दोन खण होते आणि प्रत्येकात एक डिस्क, तिच्या तोंडावर एक बारीक दिवा. डिस्क म्हणजे पेटीची आठवण. "ह्या जुळ्या बहिणी," पिंकी घडाघडा सांगायची. "बाईंचा दर एक धडा दोघींनी बी लिवून ठिवलाय. एकजण आजारी पडली तर दुसरी शाळा चालवती. हिरवा दिवा म्हंजे बरी हाय. केशरी दिवा म्हंजे आजारी. आजारी असंल ती काढायची अन् नवी घालायची. मग बरी बहीण नवीला सगळं शिकवती."

"आणि चुकून बरी बहीण काढली तर?"

पिंकी जीभ चावायची. "तसं कोण करंल, सर?"

"कोण करेल!" मुकुंदराव हसायचे. "दिव्यांची भाषा न येणारा करेल!"

हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. मुकुंदरावांच्याही ते फार दिवस लक्षात राहिलं.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, आणि शाळा काय पुजते? सगळं! घंटा पुजली, नकाशे पुजले, हार्मोनियम पुजली, चन्नव्वाचं उलथनं पुजलं. खेळाच्या सरांच्या शिट्टीला कुंकू लावलं, ते पुढं आठवडाभर त्यांच्या ओठांवर दिसत होतं!

बाईंच्या पेटीची पूजा मात्र मुकुंदरावांनी कुणाला करू दिली नाही. ते घरून एक लहानसा चांदीचा करंडा घेऊन आले होते. शारदाबाईंचा. त्यात त्यांचं कुंकू होतं आणि कुंकवाखाली लावायचं मेण. बाई अहेवपणी गेल्या होत्या, त्यामुळं करंडा तसाच भरलेला राहिला होता. मुकुंदरावांनी खोलीचं दार लोटलं. पेटीच्या तोंडाकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. वरच्या खणावरचा तो बारीक दिवा त्यांना बरोबर कपाळाच्या मध्यभागी आहे असं वाटलं. त्यांनी बोटानं आधी मेण लावलं, मग चिमूटभर हळद, आणि वर गोल कुंकू. हात थरथरत होता, पण त्या दिवशी कुंकू बरोबर गोल आलं.

खालच्या खणावर झेंडूचा हार आला. मग त्यांनी दार उघडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चला! प्रसाद कुठं आहे?"

दसऱ्याची सुट्टी संपली. शाळा उघडली. वर्ग बसला, पडदा उजळला, आणि बाईंनी सुरुवात केली.

"एकदा एका विहिरीला..."

टूं!

सगळे दचकले. आवाज आतल्या खोलीतून आला होता. बाईंना त्याचं काहीच नव्हतं, त्या बोलतच होत्या. "विहीर म्हणाली, अरे..." टूं! "...इकडं ये! माझं..." टूं! "...कोरडं पडलंय!"

टीव्हीवर कुणी शिवी दिली की ती झाकायला असाच आवाज घालतात, हे त्या वर्गातल्या एकूण एक पोराला ठाऊक होतं! सगळा वर्ग हसून हसून बाकाखाली गेला. जन्मात कधी "गाढवा" म्हणाल्या नसतील अशा शारदाबाई पडद्यावर प्रसन्न चेहऱ्यानं शिव्या देत होत्या!

"मुलांनो, तुम्ही सगळे फार..." टूं! "...आहात. मला माहीत आहे."

शेवटच्या बाकावर मुकुंदराव मात्र लालेलाल झाले. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि नीलेशला फोन लावला.

"सर, पेटी बोंबलायलीय म्हंजे दोघींतली एक डिस्क गेली," नीलेश म्हणाला. मागं कारखान्याचा खडखडाट. "काळजी न्हाई. दुसरी हाय. नवी मी कपाटात ठिवलीय. रविवारी येऊन बदलतो. तवर ओरडू द्या तिला."

"रविवार? अरे, तोवर तुझ्या बाई पोरांना शिव्या देतील!"

"काय?"

"काही नाही. मी बदलतो. केशरी दिवा, खटका दाबायचा, ओढायची. चालू पेटीतूनच निघते ना?"

"निघती सर, पण..."

"हिरवा-केशरी मला शिकवतोस? तुला लिटमस कागद कुणी शिकवला?"

"तुम्हीच, सर," नीलेश हरला. "बरं, पण दोन्ही दिवे बघा. हिरवी ओढली तर संपलंच."

मुकुंदरावांनी फोन टेबलावर ठेवला, त्याचा आवाज मोठा केला आणि दारातून हाक मारली, "पिंकी! ये इकडं. आज तुझी वार्षिक परीक्षा!" खरं तर चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. पण आपण शिकवलेलं आपल्या विद्यार्थिनीनं सगळ्यांसमोर सांगावं, ही मास्तराच्या जातीची हौस! आणि हौसेला चष्मा लागत नाही.

पिंकी आली. वाकून पेटीकडं बघितलं.

"बोल. कोणती आजारी?"

"वरची, सर. केशरी दिसायलंय."

"नीट बघ."

"नीटच बघायले, सर. केशरी हाय. थोडं लाल बी हाय."

"खालची?" फोनमधून नीलेश ओरडला.

"खाली फुलं हायत. हार काढू का, सर?"

"छे छे! पूजेचा हार आहे तो, असा ओढायचा नाही," मुकुंदराव म्हणाले. "आणि काढायची गरजच काय? दोघींतली एक आजारी. वरची आजारी आहे हे कळलं, म्हणजे खालची धडधाकट आहे हे न बघताच कळलं. ह्याला म्हणतात तर्कशास्त्र!"

"सर, थांबा, एकदा..." फोनमधून आवाज आला.

मुकुंदरावांनी खटका दाबला आणि वरची डिस्क ओढून काढली.

टूं टूं थांबलं. मुकुंदरावांनी पिंकीकडं असं बघितलं, जसं पहिलवान कुस्ती मारल्यावर बघतो.

आणि मग पेटीनं असा भोंगा लावला, की शाळेच्या छपरावरची कबुतरं तडक उमरग्याला गेली असावीत! आतले पंखे विमानासारखे घोंघावायला लागले. वर्गात बाई पुन्हा एकदा "विहिरीला तहान लागते का" एवढं म्हणाल्या आणि खडू वर धरून तशाच थबकल्या. मग पडदा काळा झाला.

"नाही, बाई!" सवयीनं सगळा वर्ग त्या काळ्या पडद्याला म्हणाला.

"अय्यो! स्फोट व्हायलाय!" चन्नव्वा उलथनं उगारून दारात आली. गडबडीत मुकुंदरावांचा कोपर निळ्या बटणाला लागला आणि पेटी निळी लुकलुकायला लागली. "पोलीस! पोलीस बी आले!" चन्नव्वा किंचाळली. तिच्या मागून खेळाच्या सरांनी जोरात शिट्टी फुंकली. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं!

त्या शिट्टीनं मुकुंदराव दचकले. हातातली डिस्क सुटली.

आपल्या भागातली शहाबादी फरशी तुम्ही पाहिलीय ना? उन्हाळ्यात पाठीला थंडगार लागते, पण तिच्यावर पडलेल्या वस्तूची ती कधी गय करत नाही. डिस्कच्या पोटातली तबकडी अजून भोवऱ्यासारखी फिरत होती. तशी ती फरशीवर कोपऱ्यावर आपटली. फार मोठा आवाज झाला नाही. डब्यात खडा पडावा, तेवढाच.

"सर?" फोन टेबलावरून विचारत होता. "सर, काय झालं? सर?"

नीलेश दुपारीच आला. कोळारहून मोटरसायकल हाणत, कारखान्याच्या गणवेशात. तो सरळ पेटीसमोर बसला. वरच्या खणात नवी घातली, ती काढून पडलेली परत घातली. मग त्यानं झेंडूचा वाळका हार हळूच बाजूला केला.

हाराच्या मागं खालचा केशरी दिवा जळत होता. अगदी शांत, देवघरातल्या समईसारखा. पहिल्या टूंपासून तो तिथं तसाच जळत असणार.

नीलेशनं फरशीवर आपटलेली वरची डिस्क पुन्हा बाहेर काढली. तिच्या दिव्यावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. खाली पिवळा. हिरवा उजेड हळदीतून, मेणातून, कुंकवातून गाळून बाहेर आला होता, आणि पिंकीला केशरी दिसला होता.

नीलेश अंगठ्याकडं बघत राहिला. ते कुंकू कुणाचं, हे त्याला विचारावं लागलं नाही. सहावीत असताना तेच कुंकू त्यानं रोज समोर बघितलं होतं. ते कुठं पुसावं हे त्याला कळेना. पँटला पुसवेना, भिंतीला पुसवेना. शेवटी त्यानं ते आपल्या कपाळाला लावलं.

"सर," तो म्हणाला, "मी म्हणलो होतो, एक प्रत मला द्या. कोळारला वेगळी ठेवतो."

"म्हणाला होतास."

तुम्ही विचाराल, मग दिली का नाही? मुकुंदरावांनी तेव्हा हसून उडवून लावलं होतं, "जुळ्या आहेत की रे! आणखी तिसरी कशाला?" पण खरं कारण निराळंच होतं. बाईंना एकटीला परगावी पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. असल्या कारणाला तर्कशास्त्र म्हणत नाहीत, पण माणसं बहुतेक कामं असल्याच कारणांनी करतात.

नीलेश दोन्ही डिस्का हैदराबादला घेऊन गेला. तिथं मेलेल्या डिस्कमधूनसुद्धा आठवण काढणारी माणसं असतात. परत आला तो पेटीपाशी न जाता सरळ मुकुंदरावांच्या घरी गेला, आणि उंबऱ्यातच चप्पल काढत बसला. चप्पल काढायला त्याला इतका वेळ लागला, की मुकुंदरावांना सगळं कळलं.

"चहा घेशील?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर," नीलेश म्हणाला. त्याचं ते उत्तर चहाचं नव्हतं.

इकडं पिंकी शाळेला येईना. संध्याकाळी मुकुंदराव तिच्या घरी गेले. धनराज पाटील अंगणात तुरीची पोती शिवत होता.

"या, सर! बरं झालं आलात," तो म्हणाला. "ही पोरगी येड्यावानी करायलीय. दिवा म्हणून दिसला की डोळे मिटती! ट्रॅक्टरचा दिवा, मोबाईलचा दिवा, कसला बी असू दे. काल देवापुढं दिवा लाव म्हणलो, तर डोळे मिटून काडी वढली. माझ्या मिशा थोडक्यात वाचल्या बघा!"

पिंकी ओसरीच्या खांबाआड होती. मुकुंदराव गुडघे धरत तिच्याशेजारी बसले.

"कामून येईनास गं शाळेला?"

मग खांबाच्या पलीकडून आवाज आला, "मीच म्हणले वरची."

"हं."

"मी म्हणले म्हणून तुम्ही काढलात. बाई मरून गेल्या."

मुकुंदरावांनी खिशातून करंडा काढला. उघडला. पिंकीचं बोट धरून आधी मेणावर टेकवलं, मग कुंकवावर. ओट्यावर धनराजचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. त्याच्या चार्जरवर हिरवा दिवा होता. मुकुंदरावांनी तिचं बोट त्या दिव्यावर घासलं.

"आता डोळे उघड. काय दिसतं?"

पिंकीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. "केशरी," ती म्हणाली. मग म्हणाली, "हिरवा हाय, पण केशरी दिसायलाय." मग तिनं मुकुंदरावांकडं बघितलं. "सर, पेटीला कुंकू कुणी लावलं होतं?"

"मी."

"दिव्यावरच?"

"दिव्यावरच. तू बरोबर वाचलंस, पिंकी. जे दिसत होतं तेच सांगितलंस. दिव्याला झाकलं मी, आणि झाकलेला दिवा तुला वाचायला लावला तोही मीच. आणि हार काढू का म्हणून तू विचारलंस, तेव्हा तर्कशास्त्र सांगितलं ते कुणी?"

"तुम्ही."

"मग नापास कोण?"

पिंकीला हसू आलं, पण ते मध्येच कुठंतरी अडकलं. "मग बाई?"

मुकुंदरावांनी करंडा बंद केला. झाकण नीट बसेना. "बाई गेल्या," ते म्हणाले. "फार आधीच गेल्या, बाळ. पेटीत फक्त त्यांचा आवाज होता. मला मेल्याला ते रोज सकाळी विसरायला व्हायचं."

"सर," ओट्याखालून धनराज हळूच म्हणाला, "माझा चार्जर..."

दुसऱ्या दिवशी पिंकी शाळेला आली. मराठीचा तास आला. पडदा पांढराच्या पांढरा. हेडमास्तर मुकुंदरावांना म्हणाले, तुम्हीच घ्या. मुकुंदराव फळ्यापाशी गेले, पुस्तक उघडलं आणि विहिरीची गोष्ट शिकवायला लागले. काय शिकवलं म्हणता? पाणी म्हणजे हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक! पाण्याची पातळी का खाली जाते, बाष्पीभवन म्हणजे काय! त्यांनी आकृतीसुद्धा काढली. गोष्टीतली ती बिचारी विहीर तहानेनं तडफडत राहिली आणि तिचं बाष्पीभवन झालं. वर्गात कुणी हसलं नाही. शिव्या देणाऱ्या बाईंना बाकाखाली जाऊन हसणारी तीच पोरं, पण आज नुसती बघत बसली होती.

मुकुंदरावांच्या हातून खडू खाली पडला. तो तसाच टाकून ते चालत शेवटच्या बाकावर गेले आणि आपल्या जागी बसले.

आतल्या खोलीत पेटी होती. तिच्यातल्या दोन्ही खणांत आता काही नव्हतं, तरी विजेची वायर लावलेलीच होती. ती काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

पिंकी उठली. आतल्या खोलीत गेली. खट् आवाज झाला आणि उघड्या दारातून निळा उजेड भिंतीवर लुकलुकायला लागला. पेटीतली सगळी आठवण गेली होती, पण "मी इथं आहे" एवढं तिला अजून म्हणता येत होतं.

पिंकी परत आली, खाली पडलेला खडू उचलला आणि फळ्यापुढं उभी राहिली. बाष्पीभवन पुसलं. वर्गाकडं तोंड केलं.

"एकदा एका विहिरीला तहान लागली," ती म्हणाली. तिचा आवाज तिचाच होता, पण शब्द बाईंसारखे येत होते. एक 'न्हाई' नाही, एक 'हाय' नाही. बाई जिथं श्वास घ्यायच्या तिथं श्वास. जिथं खोकायच्या तिथं बारीक खोकला. "विहिरीला तहान लागते का रे?"

आणि ती थांबली. बाई जेवढा वेळ थांबायच्या, तेवढीच.

"नाही, बाई," वर्ग म्हणाला. आधी एकजण, मग सगळे.

"लागते! ऐका."

गोष्ट पुढं गेली. शेवटच्या बाकावर मुकुंदराव दोन्ही हात बाकावर ठेवून ऐकत होते. हात असे थरथरत होते, की बाक वाजायला लागला. टक् टक् टक् टक्. सगळ्यांना ऐकू येत होतं, पण मागं वळून कुणी बघितलं नाही.

पिंकी बोलता बोलता मध्येच थांबली. तिनं खडू रोखला, सरळ शेवटच्या बाकावर.

"अहो," ती म्हणाली, "कॅमेरा हलवू नका!"

आज वर्गातून कुणी ओरडलं नाही. ते उत्तर कुणाचं आहे, हे त्या पोरांना बरोबर कळलं होतं.

मुकुंदरावांनी एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला. "नाही हलवत," ते म्हणाले.

पिंकीनं मान डोलावली. खांद्यावर नसलेला पदर सारखा केला, बोटांवरची खडूची भुकटी फुंकली, आणि पुढचं वाक्य सुरू केलं.